रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत

नातीने परवा जुन्या रेगे संगीताची नव्याने छापलेली रेकॉर्ड आणली आणि विचारलं, "आजी, तुला यात नक्की आवडतं काय? तू तर भजनालाही जांभया देतेस."

"शांतपणे दिलेल्या शिव्या," मी म्हटलं.

तिला वाटलं, म्हातारी चावटपणा करतेय. करत होतेच, पण खरंही तेच आहे. या गाण्यांत साखळदंड आहेत, तुरुंग आहेत, पाठीवरचे चाबूक आहेत, मालकाचं घर पेटवायच्या धमक्या आहेत. आणि गाणारा बाजेवर लवंडल्यासारखा निवांत. गिटारचा सूर दोन ठोक्यांच्या मधेच चक् करून तुटतो. खालून बास गिटारचा घुमारा असा येतो की पोटातली भाकरी हलते. शिवाय पूर्ण रेकॉर्ड सलग ऐकावी लागते. एकेक गाणं उचललं तर राग कुठे चढला आणि कुठे मुरला ते कळत नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मशीन बिघडलंय. बोनकोडे गावात नुकतीच सून म्हणून आले होते, अक्कल माहेरीच ठेवून. आमचे हे मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला. कुठल्याशा परदेशी बंदरातून त्यांनी रेकॉर्डी आणल्या, मशीन आणलं आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. कव्हरवर जटा वाढवलेला माणूस. सासूने विचारलं, "कोन गो ह्यो बाबा?" मी ठामपणे सांगितलं, सिद्धपुरुष आहे, आणि त्याला देव्हाऱ्यात ठेवून रोज हळदकुंकू वाहिलं. ह्यांनी पाहिलं तेव्हा हसता हसता ओट्यावरून खाली पडले.

मग त्यांनी गाण्यांचा अर्थ सांगितला आणि माझं हसू गेलं. सरकारने घेतलेल्या आमच्या भातशेतीवर तेव्हा नवं शहर चढत होतं. जमिनीसाठी काढलेल्या मोर्च्यात पोलिसाची काठी माझ्या पाठीत बसली होती, तिचा वळ निळा पडला होता. मी रागाने ताटल्या फोडायचे. इथे कोणी तोच राग न धावता, पाय रोवून गात होता.

पुढे जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळाला आणि भाऊ भावाच्या उरावर बसला. एका दुपारी धाकटे दीर कोयता घेऊन अंगणात आले. "वाटनी आजच कर," म्हणाले. हे म्हणाले, "आदी कोयता खाली ठेव, मंग बोल." पहिला घाव चौकटीत रुतला, दुसरा ह्यांच्या खांद्यात. हाडाचा आवाज आला.

आणि मी काय करावं? मला लाज वाटली. घरातलं भांडण गावाने ऐकायचं नाही, एवढंच मला शिकवलेलं. मी आत पळाले, रेकॉर्ड लावली आणि आवाज होता तेवढा सोडला. केवढी हुशार समजत होते मी स्वतःला.

आमच्या गावात स्पीकर दणाणला की त्याचा अर्थ एकच, कुणाची तरी हळद. शेजारीण नंतर म्हणाली, "आमाला वाटला, तुमच्यात हलद हाय नि आमाला बोलावला नाय. मंग कशाला येऊ?" रुसून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

अंगणात ह्यांनी दिरांच्या मनगटाचा लचका तोडला, तेव्हा कोयता सुटला. दिरांनी ह्यांचं डोकं भांडी घासायच्या दगडावर आपटलं. ह्यांनी लाथ मारली, दिरांचे दात रक्तात पडले. हे "वाचवा" म्हणून ओरडत होते. तोंड उघडलेलं दिसायचं, आवाज बासखाली गडप. मीही बाहेर येऊन दोघांना ओढत किंचाळत होते, पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं. शेवटी हे उताणे पडले, दिरांचा गुडघा छातीवर, दोन्ही हात गळ्याभोवती. गाणारा आपला सावकाश गातच होता.

आणि बाजू संपली. सुई नुसती खरखरायला लागली. त्या खरखरीत ह्यांच्या घशातून निघणारा आवाज मी ऐकला.

तुम्हाला वाटेल, मी दगड उचलला. नाही. मी रेकॉर्ड उलटायला गेले.

सासूने मधेच माझा हात पिरगळला. "रा दे गो. आयकू दे गावाला." ती दारात उभी राहिली आणि मासळी विकून कमावलेल्या गळ्याने ओरडली, "माजा एक पोर दुसऱ्याचा जीव घेतंय, या रे."

खिडक्या उघडल्या. माणसं धावली, एकाच्या गालावर दाढीचा साबण तसाच. चौघांनी मिळून दिरांची बोटं सोडवली, कोणीतरी कोयता विहिरीत फेकला. ह्यांच्या छातीत भाता चालल्यासारखा श्वास परत आला.

दोघांना एकाच टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मधे सासू बसली होती, दोघांच्या शर्टाची कॉलर घट्ट धरून. मी सगळ्यांत शेवटी चढले. निघण्याआधी आत जाऊन मशीनवर झाकण घालून आले होते, धूळ बसू नये म्हणून.