तळ्याकाठच्या पायऱ्या

उदयपूरला कुठे फिरायचं, कुठे जेवायचं ते ठरत होतं. मी बाबांना मोबाइलवर तळ्याकाठच्या हॉटेलचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला. तळं बाजूला सरकलं, दिव्यांनी उजळलेला महाल सरकला आणि बोटं पायऱ्यांवर थांबली. आईचा गुडघा हल्ली दगा देतो. ती समोरच लसूण सोलत होती, पण विषय काढायची आमची हिंमत नव्हती. मागे एकदा काढला, तर "मला म्हातारी करू नका" म्हणून दिवसभर अबोला. सुंदर जागा मेल्या इतक्या उंचावर का बांधतात? बाबा फोटो न्याहाळत राहिले.

"अहो," मान वर न करता आई म्हणाली, "डावीकडे कठडा आहे. मी सकाळीच बघितलाय."