चेंबरमधली कवडी

मंडळी, या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचतो… आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचतो. पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई! त्या घाटातून रोज शेकड्यानं ट्रक जातात, त्यांना बरी ही बाई दिसत नाही. मी मेकॅनिक माणूस. आमच्या धंद्यात आवाज आला की त्याला कारण असतंच. सापडलं नाही तर शोधणारा कच्चा. भूत, देव, करणी यातलं काही मी कधी मानलं नाही. म्हणून हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

धाराशिवात तुळजापूर रस्त्याला आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे मी जावेद आणि माझा पार्टनर बाळू, आम्हा दोघांचं. तुळजापुरात लॉज चालवणारे अभिजितदादा आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी हौसेनं पुण्याहून एक सेकंडहँड जर्मन गाडी आणली… आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, आवाज ऐकूनच अंगावर काटा यावा अशी. आणि ही गाडी घेऊन दादा यात्रेकरूंच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये फिरायचे. मी म्हणायचो, "दादा, वाघ पाळलाय अन् त्याला दळण आणायला पाठवताय."

या इंजिनांचं एक दुखणं असतं. आत क्रँक म्हणजे मुख्य दांडा फिरतो, त्याला पिस्टनचे रॉड धरून असतात, आणि दोघांच्या मधे पातळ, अर्धगोल बेअरिंग असतात. ही इंजिनं इतकी जोरात फिरतात की ती बेअरिंग लवकर झिजतात. पूर्ण गेली, तर रॉड तुटून इंजिन फोडून बाहेर येतो किंवा इंजिन पळता-पळता जाम होतं. म्हणून जगभरातले शौकीन लोक काही बिघडायच्या आधीच ती बदलून घेतात. दादांनी हे सगळं नेटवर वाचून नवी बेअरिंग, नवे बोल्ट बाहेरून मागवले आणि खोकं डिकीत ठेवलं. दरवेळी विचारायचे, "जावेदभाई, कधी बदलायची?" आणि मी दरवेळी हात जोडायचो. "दादा, चालत्या इंजिनाला हात लावू नये. पोट दुखत न्हाय अन् ऑपरेशन कशाला?"

त्या दिवशी सकाळी दादा आले ते वहिनी, मुलगी पूजा आणि पूजाच्या तान्ह्या लेकीला घेऊन. बाळंतपण आटोपून पूजा सासरी पुण्याला निघाली होती, बाळ पहिल्यांदाच घरी चाललं होतं. गाडीत पोतंभर साखर लागली असेल एवढे लाडू भरलेले. दादा म्हणाले, "नुस्तं हवा-पाणी बघा अन् सोडा. लई उशीर व्हायलाय."

गाडी आत घेताना डॅशबोर्डचा फोटो काढायची आमची पद्धत आहे, नंतर कुणी 'ही लाइट आधी पेटत नव्हती' म्हणून भांडू नये यासाठी. मी फोटो काढला. आरशाला वहिनींनी बांधलेली भवानीची कवड्यांची माळ होती, तीही फोटोत आली; तिच्याकडे हात करून बाळ किंचाळत होतं.

मी गाडी चालू केली. इंजिन मस्त गरगरत होतं, आणि त्यात मधेच… टक. थोड्या वेळानं पुन्हा… टक.

मला वाटलं माळच काचेवर आपटतेय. मी माळ मुठीत घट्ट धरली. तरी आवाज. खाली वाकून ऐकलं, तर आवाज इंजिनाच्या पोटातून. बाळूनंही ऐकला. रेस दिली की बंद, सोडली की पुन्हा टक. असा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. बेअरिंगचा ठोका असा नसतोच, तो रेस दिल्यावर वाढतो. म्हणजे हे बेअरिंग नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "दादा, गाडी सोडत न्हाय. खालचं तेलाचं चेंबर खोलायचं."

दादा तडकले. "वर्षभर मी मागं लागलो तवा हात जोडत व्हता, अन् आज लेकरं बसलीत तर खोलायचं म्हणता? चावी आणा."

"न्हाय देत."

गिऱ्हाइकाला असं मी कधी बोललो नव्हतो. चावी माझ्या मुठीत होती, ती मी खिशात घातली. तेवढ्यात मागून वहिनी बोलल्या, "अहो, ऱ्हाऊ द्या. लेकरू हाय संगं. पूजा, तुझ्या सासूबाईला फोन लाव, उद्या येतो म्हण." वहिनी लेकीला-नातीला घेऊन लॉजच्या जीपनं परत गेल्या. दादा तोंड फिरवून खुर्चीत बसले.

हे काम सोपं नाही. इंजिन वरून टांगून ठेवायचं, खालचा आडवा सांगाडा उतरवायचा, मग कुठं तेलाचं चेंबर हाताला लागतं. चेंबरच्या बोल्टांवर कंपनीनं मारलेल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून ते कुणी उघडलेलं नव्हतं. दुपार कलताना आम्ही दोघांनी ते खाली घेतलं. बाळूनं आत बोट दाखवलं.

तळाच्या काळ्या तेलात एक कवडी होती.

मी ती फडक्यानं पुसली. पांढरीशुभ्र, वर ओवायचं भोक. मग कामाची सवय म्हणून मी रॉडच्या टोप्या उघडायला घेतल्या. बेअरिंगचा वरचा राखाडी थर पार गेलेला. खालचं तांबं उघडं पडलेलं, आणि एका जागी तर त्याचाही पापुद्रा निघालेला. बेअरिंगचा ठोका अजून सुरू झाला नव्हता एवढंच. बाळू म्हणाला, "हे पुण्याला पोचलं नसतं, जावेद. हायवेला कुठंतरी…" मागं ट्रक, पुढं ट्रक, आणि मांडीवर ते लेकरू. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं येऊन गेलं.

दादा उठून गाडीकडं गेले आणि दारातच थबकले. "जावेदभाई… हिकडं या."

आरशाला माळ लटकत होती. कवडी, गाठ, कवडी, गाठ, अशी ती ओवलेली होती. मधे एका जागी दोन गाठींमधला दोरा मोकळा होता. दोरा तुटला नव्हता, गाठी सुटल्या नव्हत्या. नुसती कवडी नव्हती. मी हातातली कवडी त्या जागी धरून बघितली. बरोबर बसली.

मी मोबाइल काढून सकाळचा फोटो मोठा केला. त्यात माळ पूर्ण होती, त्या जागी कवडी होती.

आता म्हणाल, कुठून तरी आत पडली असेल. आम्ही काय कमी डोकं लावलं? तेल भरायच्या तोंडातून टाकली तरी खाली उतरायला जी भोकं आहेत, त्यातून ती जात नाही. तेल सोडायच्या भोकात घालून बघितली, अर्धीही शिरली नाही. पुण्यातल्या एका जाणत्या मेकॅनिकला विचारलं, तर तो म्हणाला, "जावेद, झोप काढ."

बेअरिंग बदलली, नवे बोल्ट टाकले, गाडी बांधली. चालू केली तेव्हा इंजिन एकसुरी गरगरलं. टक नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी पूजा आणि बाळ सुखरूप पुण्याला पोचले. वहिनींनी कवडी परत घेतली नाही. म्हणाल्या, "ती तुमच्याकडं आली, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." घरी अम्मीला दाखवली, मला वाटलं रागावेल. तिनं कवडी ओंजळीत घेतली आणि म्हणाली, "अमानत है बेटा ये. जतन से रख." तेव्हापासून ती माझ्या पान्यांच्या ड्रॉवरमध्ये, मऊ फडक्यात आहे.

मी अजूनही भुतं मानत नाही. देवाचं म्हणाल, तर गप्प बसतो. पण चालत्या इंजिनाला हात लावू नये, हे वाक्य मी आता उच्चारत नाही.

माळ अजून त्या गाडीत आहे, वहिनींनी ती जागा भरू दिली नाही. पूजा माहेरी आली की गाडी एकदा गॅरेजवर येते. पोरगी आता बोबडं बोलते, आजोबांच्या मांडीवर उभी राहून माळेला हात घालते. इतक्या कवड्या असताना तिचं बोट दरवेळी नेमकं त्या मोकळ्या दोऱ्यावरच जातं… आणि मी काहीतरी शोधायच्या निमित्तानं गाडीखाली शिरतो.