व्हर्लिनचा अंगठा

आमच्या मन्सी गावाजवळच्या ड्रॅग ट्रॅकवर, म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्या पळवायच्या शर्यतीत, गाडी जिंकली म्हणून लगेच चषक मिळत नाही. आधी तपासणीच्या शेडमध्ये यायचं आणि जिंकणाऱ्याने स्वतःच्या हाताने इंजिन उघडून दाखवायचं. कारखान्यातून निघालं तसंच इंजिन हवं, ही 'स्टॉक' वर्गाची अट. मी तिथे गाड्यांच्या वजनकाट्यावर असतो.

व्हर्लिन स्टकी लिफ्टर तपासायचा. लिफ्टर म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारी बोटभर नळी. आत तेल, तेलावर दट्ट्या. दाबला की तो खाली गेलाच पाहिजे. गाडी जास्त पळावी म्हणून लबाड लोक त्याला आतून ठोकून घट्ट बसवतात. नियम म्हणतो, 'तपासनिसाने अंगठ्याने दाबून पाहावे.' किती वेळ, ते लिहायच्या आत लिहिणारा जेवायला गेला असावा. व्हर्लिन त्या अंगठ्याला इतका जपायचा, की चर्चमध्येही हात मिळवायला डावा हात पुढे करायचा. घरी लोणच्याची बरणी बायकोच उघडायची.

ही बायको आर्डिथ. यंदा ऑगस्टात तिने जुनी स्टेशन वॅगन पळवून जन्मातली पहिली शर्यत मारली. इंजिनात नवऱ्याने लग्नाच्या वाढदिवसाला दिलेले सोळा लिफ्टर होते, एकेक त्याने स्वतः दाबून पारखलेला. नवऱ्याने बायकोची गाडी कशी तपासायची, असं मी विचारलं. मुख्य पंच म्हणाले, "नियमात अंगठा आहे, नातं नाही."

पंधरा दट्टे मुकाट खाली गेले. सोळावा हलेना.

"हा बदललास तू?" व्हर्लिनने विचारलं.

"तूच दिलायस, मेल्या!"

"मी दिला तेव्हा दबत होता."

"मग दाब की! घरी तरी कुठे जोर लावतोस?"

तो दाबत राहिला. घाम फुटला, नख पांढरं पडलं. शर्यतीत दुसरा आलेला डेल हॉस्टेटलर कणीस खात म्हणाला, "आता अंगठाच बदला राव."

सगळे हसले. व्हर्लिनचा चेहरा पडला. त्या माणसाकडे दुसरं होतं काय?

आर्डिथने ते पाहिलं. "लिहा," ती पंचांना म्हणाली, "मी लबाडी केली."

"खोटं बोलतेय ती!" व्हर्लिन ओरडला. "माझाच अंगठा कामातून गेलाय. लिहा, आजपासून मी तपासनीस नाही."

"तू गप रे."

"तू गप!"

पंचांनी दोन्ही लिहून घेतलं. दिलेली कबुली आमच्याकडे परत मिळत नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि दट्ट्या हळूहळू, सुस्तपणे पार खाली गेला. आत दाट तेल तुंबलं होतं, एवढंच.

चषक डेलने नेला. आर्डिथ आधी खदाखदा हसली, मग तिला रडू फुटलं. व्हर्लिन तसाच दाबून उभा.

"सोड आता," ती म्हणाली, "गेला तो खाली."

"कळलं मला."

"मग?"

"सोडवत नाही गं."

तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. मी दिवे बंद न करताच बाहेर पडलो.