तबक कोण धरणार

आमच्या महाविद्यालयात पाहुणा आला की तबक मी धरायचे, हे कुणी ठरवले ते मला माहीत नाही. नोकरीला लागले त्या वर्षीच्या संमेलनात कुणीतरी कुंकू, अक्षता, निरांजन आणि नारळ ठेवलेले पितळी तबक माझ्या हातात दिले. ते पुढे वीसेक वर्षे माझ्याच हातात राहिले. मी परीक्षा विभागात आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, हजेरीपट आणि गुणांच्या याद्या यांचा मेळ बसल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही. त्याबद्दल माझे नाव आहे आणि त्याबद्दलच लोकांची तक्रारही आहे. एवढी मोजमाप करणारी बाई, पण किती पाहुणे ओवाळले ते मात्र मी कधी मोजले नाही. प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर समारंभांचे फोटो आहेत. त्यातल्या बऱ्याच फोटोंत मी आहे, म्हणजे कोपरापर्यंतचा हात, दोन बांगड्या आणि तबक. चेहरा चौकटीबाहेर.

यंदा आमचे मुख्य लिपिक निवृत्त होणार होते. आमच्या मध्य प्रदेशातल्या बुरहानपुरात मुख्य लिपिकाला बडे बाबूच म्हणतात. त्यांच्या जागेचा प्रभार कुणाला तरी मिळणार होता, आणि सेवाज्येष्ठतेने पहिले नाव माझे होते. तेवढ्यात विद्यापीठाने शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण काढले. विषय होता नेतृत्व आणि बढतीच्या वाटा. असली प्रशिक्षणे आजवर प्राध्यापकांसाठीच व्हायची, आम्ही फक्त खुर्च्या लावायचो. या वेळी खुर्च्यांवर बसायचे आम्हीच होतो. जवळच्या खकनार आणि नेपानगरहूनही लोक येणार होते आणि यजमान आमचे महाविद्यालय. प्राचार्यांनी बैठकीत स्पष्ट सांगितले, की प्रभार देताना प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांचाच विचार होईल.

दोन दिवसांनी फलकावर दोन याद्या लागल्या. प्रशिक्षणार्थींच्या यादीत माझे नाव होते. स्वागत आणि भोजन समितीच्या यादीतही होते, आणि दोन्हीकडे माझ्याखाली ग्रंथालयातल्या मुलीचे. ती कंत्राटी सहायक आहे, दर वर्षी नेमणूक नवी होते.

मी बडे बाबूंकडे गेले. ते पान चघळत होते.

“बाबूजी, एक माणूस दोन ठिकाणी कसं बसेल?”

“अवो मॅडम, टेन्शन कायले घेता? सकाळी पाहुण्यायचं स्वागत करा, मंग जेवनाचं पहा. तीन दिवसाच्या हजेरीवर आत्ताच सह्या मारून टाका. सर्टिफिकेट तर मिळनारच हाय.”

“आणि सत्रं?”

“सत्रात काय अस्ते? पंखा अस्ते नं झोप अस्ते.”

“ज्या सत्राला मी बसले नाही, त्यावर मी सही करणार नाही.”

“मंग नका करू. सर्टिफिकेट नाही मिळनार.”

“मिळेल. मी बसणार आहे. म्हणूनच तबक धरणार नाही.”

ते हसले. मी हसत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी पान थुंकण्याच्या निमित्ताने खिडकी गाठली.

घरी सांगितले तेव्हा सासूबाईंनी हातातली लसूण खाली ठेवली. “बाईच्या हातानं स्वागत व्हते ते लक्ष्मीचं अस्ते. तुले त्यात कमीपना काय वाटते वं?”

“तबक धरण्यात कमीपणा नाही, आई. ते धरून झालं की मला दाराबाहेर राहावं लागतं, त्यात आहे.”

माझे यजमान नेपानगरच्या शाळेत शिक्षक आहेत, भांडणाच्या वाटेला सहसा जात नाहीत. ते म्हणाले, “प्राचार्यांशी बिनसलं तर हातचा प्रभार जाईल.”

“तबक धरून मिळायचा असता तर आजवर दोनदा मिळाला असता.”

सकाळी चहा त्यांनीच टाकला. बायको भांडायला निघाली की ते एवढे करतात.

पहिल्या दिवशी मी सभागृहात जाऊन पुढच्या रांगेत बसले. दारातून कुजबुज आली, प्राचार्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, मी मंचाकडे पाहिले. तबक ग्रंथालयातल्या मुलीने धरले. सत्र सुरू झाले. इंदूरहून आलेल्या प्रशिक्षकांनी एकेकाला उभे करून विचारले, “पिछले साल आपने खुद कौन सा फैसला लिया?” खकनारचे एक बाबू उभे राहून म्हणाले, “लिया था सर, पर सर से पूछकर.” सगळे हसले, आणि हसता हसता बऱ्याच जणांच्या लक्षात आले की आपलेही उत्तर तेच आहे. माझे तरी नव्हते, निदान त्या दिवशी नव्हते. पंखा होता, झोप नव्हती. इतकी वर्षे दाराबाहेर उभी राहून मी काय काय ऐकले नाही, या विचाराने मला रागच आला.

जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयातली मुलगी दिसली. ओढणीला वरणाचा डाग, हातात वाढायचा डाव. सकाळपासून ती सभागृहात आलीच नव्हती. हजेरीवर मात्र तिची सही सकाळच्या आणि अजून न झालेल्या दुपारच्याही सत्राला होती.

“सही केलीस?”

“बाबूजींनी सांगितलं ना, ताई. तुम्ही नाही म्हणालात, मग कुणाला तरी...”

वाक्य तिने तिथेच सोडले. मेळ घालणे हे माझे कामच आहे, तेव्हा पुढचे मला कळले. माझा नकार एक पायरी खाली उतरला होता आणि जिला नाही म्हणता येत नाही तिच्या डोक्यावर जाऊन बसला होता. असा नकार मला नको होता. दुपारच्या सत्रात शेजारची रिकामी खुर्ची मला सारखी दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि तिला फाटकातच गाठले.

“चल, आत बसू.”

“ताई, माझं कंत्राट आहे.”

“माहीत आहे. कुणी विचारलं तर सांग, ताईंनी बसवलं.”

ती बसली, पण खुर्चीच्या अगदी कडेवर, केव्हाही उठता येईल अशी. थोड्याच वेळात प्राचार्य आत आले. मागून बडे बाबू.

“मॅडम, अतिथि दरवाजे पर हैं और आप दोनों यहाँ बैठी हैं?”

“जी सर. हमारा नाम ट्रेनिंग की लिस्ट में है.”

“तो स्वागत कौन करेगा?”

“जिसका नाम लिस्ट में नहीं है.”

नेपानगरची रांग मान वळवून बघायला लागली. प्राचार्य सोडले तर यादीत नाव नसलेला माणूस तिथे एकच होता. निवृत्तीला आलेल्या बडे बाबूंना प्रशिक्षण कोण देणार?

“यह अनुशासनहीनता है, मॅडम.”

“सर, बिना बैठे साइन करना अनुशासनहीनता है. बैठना नहीं.”

आवाज चढवला नव्हता. शेजारच्या मुलीने खुर्चीची कड सोडली आणि ती पाठ टेकून बसली. ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले.

शेवटी तबक बडे बाबूंच्या हातात गेले. त्या दिवशीच्या प्रशिक्षक बाई होत्या. बाबूंनी अंगठा कुंकवात बुडवला, वर नेला आणि तो बाईंच्या कपाळासमोर हवेतच थांबला. परक्या बाईच्या कपाळाला कुंकू लावायचे कसे? अंगठा पुढे जाईना, मागेही येईना. निरांजनाची वात तिरपी होऊन धूर बाबूंच्याच नाकात जायला लागला.

“लाइए बाबूजी, मैं खुद लगा लेती हूँ,” बाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइलच्या काचेत पाहून स्वतःला कुंकू लावले आणि बोटाला उरलेले कुंकू बाबूंच्या कपाळाला टेकवले.

“बाबूजी, नारियल मत भूलना!” नेपानगरच्या रांगेतून कुणीतरी ओरडले. बाबूसुद्धा हसले. प्राचार्य हसले नाहीत.

त्या दिवशी जेवण पुरुषांनी वाढले. पोळ्या गार झाल्या, दराबा ही इथली खास मिठाई वाढायचीच राहिली आणि ती संध्याकाळी चहाबरोबर मिळाली. उपाशी कुणी राहिले नाही.

तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने थोडा वेळ एक बैठक चालवून दाखवायची होती. ग्रंथालयातल्या मुलीची पाळी आली तेव्हा तिचा आवाज सुरुवातीला कापत होता. खकनारचे तेच बाबू मध्ये मध्ये बोलत होते. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा ती म्हणाली, “भैया, आपकी बारी आयेगी, तब बोलिएगा.” ते गप्प बसले. मला कुणी त्या तीन दिवसांत काय शिकलात विचारले, तर मी हे सांगेन. माझी बैठकही ठीक झाली, पण तिची जास्त चांगली झाली.

समारोपाला प्रमाणपत्रे वाटली. जो पूर्ण वेळ बसला, जो झोपला आणि जो सही करून पॉवरलूमवाल्या भावाच्या दुकानात जाऊन आला, सगळ्यांना एकसारखी. माझ्या प्रमाणपत्रात आणि त्यांच्यात अक्षराचाही फरक नाही.

महिनाभराने बडे बाबू निवृत्त झाले. प्रभार लेखा विभागातल्या सहकाऱ्याला मिळाला. ते सेवेत माझ्यापेक्षा बरेच कनिष्ठ आहेत. भावाच्या दुकानात जाऊन आलेले तेच. माणूस वाईट नाही, पण प्रश्न तो नाही. प्राचार्यांनी मला बोलावून समजावले.

“मॅडम, काम में आप नंबर वन हैं. लेकिन नेतृत्व में सबको साथ लेकर चलना पड़ता है.”

“सर, मैं तो एक ही को साथ लेकर चली थी. आप उसी पर नाराज हो गये.”

त्यांनी समोरची फाइल उघडली. म्हणजे मी जावे.

मी गेले आणि सेवाज्येष्ठता का डावलली, ते लेखी कळवावे असा अर्ज दिला. सासूबाईंनी रात्री ताट वाढताना विचारले, “मंग इतकं भांडून तुले काय मिळालं वं?”

काही आठवड्यांनी विद्यापीठाचे एक अधिकारी आले. नव्या प्रभारींचा तो पहिलाच कार्यक्रम. दारात तबक तयार होते आणि धरायला कुणी नव्हते. प्रभारींनी माझ्याकडे पाहिले. मी बसलेलीच होते. त्यांनी ग्रंथालयातल्या मुलीकडे पाहिले. तिचे कंत्राट पुन्हा झाले होते, आणि तिने मांडीवरची वही उघडून काहीतरी लिहायला घेतले. गेल्याच महिन्यात लागलेली एक नवी लिपिक सवयीने अर्धी उठली, तेव्हा त्याच मुलीने तिचा पदर धरून तिला खाली बसवले. मी काही केले नाही, फक्त पाहिले.

गाडी फाटकात आली तसे प्रभारींनी कुठून तरी एक स्टूल आणले, दारात ठेवले आणि त्यावर तबक. अधिकारी आले, इकडे तिकडे पाहिले, स्वतःच कुंकू लावले, नारळ उचलला आणि आत आले. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला.

घरी मी सासूबाईंना हे सांगितले.

“मंग नारळ कोनं फोडला?”

“ज्याला मिळाला त्यानं.”

त्या बराच वेळ हसल्या.

माझ्या अर्जाला उत्तर आलेले नाही. मी दुसरा दिला आहे आणि त्याची प्रत विद्यापीठाला पाठवली आहे. तिसराही देईन. त्या समारंभाचा फोटो आता भिंतीवर लागला आहे. त्यात पाहुणे आहेत, स्टूल आहे, तबक आहे, आणि हात कुणाचाच नाही. मागे सभागृहाचे दार उघडे आहे आणि आत पहिल्या रांगेत आम्ही तिघी बसलेल्या आहोत. जरा लहान दिसतो, पण चेहरे ओळखू येतात.