म्हाताऱ्याच्या पानावरची काळी बियर

सर्वपित्रीला आमच्यात मेलेल्या माणसाला जे आवडायचं तेच पानावर वाढतात. आमच्या म्हाताऱ्याला करंदीचं, म्हणजे बारक्या कोलंबीचं, कालवण आवडायचं आणि दारू आवडायची. कालवण सून करते, दारूची वाटी मी भरते. पान गच्चीवर ठेवायचं. कावळा शिवेपर्यंत घरात कोणी घास तोंडात घालत नाही.

एक नियम मी कडक ठेवला होता. पानावर जायचं ते आधी चाखायचं नाही. चाखलं की उष्टं झालं. मीठ वासावरून ओळखायचं. सून वडपे गावाच्या पलीकडची, शेतकऱ्याची मुलगी. म्हातारा गेल्यावरच्या पहिल्याच सर्वपित्रीला तिने तळहातावर थेंब घेऊन कालवण चाखलं आणि ते माझ्या नजरेला पडलं. "मेलेल्या सासऱ्याला उष्टं घालतेस? कोणी शिकवलं तुला?" असं म्हणून मी अख्खं भांडं तिला मोरीत ओतायला लावलं. तिने पुन्हा करंदी आणली, सोलली, पुन्हा कालवण केलं. घर दुपार टळेपर्यंत उपाशी राहिलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

यंदा नातवाने दोन बाटल्या आणल्या. तो मानकोलीला गोदामाच्या ऑफिसात आहे.

"आजी, आज्याला अजून किती वर्षं देशी पाजणार? ही काळी बियर. स्टाउट म्हणतात. दोन वेगळ्या हायत. तू चाखून सांग, त्याला कुठली आवडली असती."

"बियर म्हणजे पाणी रे. त्याला काय चव?"

"ही तशी न्हाय. कडक हाय. घोट घोट घ्यायची."

"मला शिकव. तुझ्या आज्याच्या जोडीने ताडी प्यालेली बाई हाय मी."

त्याने दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली आणि केळीचं पान आणायला गेला. मी मनाशी म्हटलं, पेला उष्टा होईल, बाटली कुठे होते?

दोन्ही सारख्याच काळ्या, वर चहाच्या रंगाचा फेस. पहिलीला तव्यावर करपलेल्या भाकरीचा वास होता. कडू, घशाला कोरडी. दुसरी दाट, काकवीसारखी. आधी गोड लागली, मागून भाजलेल्या चिंचोक्याचा कडूपणा आला. म्हातारा करपलेली भाकरी मागून घ्यायचा, म्हणजे पहिली. पण साखर वाढल्यावर चोरून गूळही खायचा, म्हणजे दुसरी. दुसरीवर पहिली पुन्हा घेतली तर ती आणखी कडू लागली. मग दुसरी पुन्हा बघायला हवी होती. ताडी आम्ही पेला तोंडाला लावून संपवतो, तशीच हीही संपवत गेले. पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं.

सून वाढलेलं पान घेऊन आली. "आई, कुठली ठेवायची?"

तिने एक बाटली उचलली, मग दुसरी. दोन्ही हलक्या. मी उठायला गेले आणि परत पाटावर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, वाटीत माठातलं पाणी घातलं आणि गच्चीकडे निघाली. तिच्या खांद्याला धरून मी जिना चढले आणि वरच्या पायरीवर टेकले.

कावळे समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर बसले होते. एकही येईना. कावळा शिवला नाही की मेलेल्याचं काहीतरी राहिलंय असं आम्ही धरतो आणि त्याला शब्द देतो. मुलाने हात जोडले, "बाबा, पोराचं लग्न यंदा उरकतो."

नातू म्हणाला, "आज्या, मी सिगारेट सोडतो."

"तू सिगारेट ओढतोस?" मुलगा ओरडला. कावळे जागचे हलले नाहीत.

मुलाने बायकोला विचारलं, "काय राहिलं असेल गं त्यांचं?"

तिला माहीत होतं. तिने माझ्याकडे बघायचंही टाळलं. "मला काय ठाऊक," म्हणाली.

तिने आरडाओरडा केला असता तर मी उलट बोलले असते. तिने माझं झाकलं, ते मला सोसवेना.

"त्याची दारू मी प्याले," मी म्हटलं. "दोन्ही बाटल्या. त्या वाटीत पाणी हाय. एक थेंब चाखला म्हणून हिला भांडं ओतायला लावलं होतं मी."

नातू हसला. मुलाने त्याला गप्प केलं आणि स्वतः खाली बघत राहिला.

सून माझ्या शेजारी पायरीवर बसली. हळू आवाजात म्हणाली, "आई, मीठ मी दर वर्षी चाखते. तुमची पाठ फिरली की. त्या वर्षी दुसऱ्यांदा केलं ना, तेव्हाही चाखलं होतं. शिवला होता ना कावळा?"

शिवला होता. मीच सगळ्या आळीला सांगत फिरले होते, माझ्या घरी उष्टं चालत नाही म्हणून लगेच शिवला.

थोड्या वेळाने एक कावळा आला आणि करंदी उचलून पत्र्यावर गेला. वाटीकडे त्याने पाहिलंही नाही. सगळे जेवायला उतरले. सुनेने मला धरून खाली आणलं, ताट वाढलं, आणि पहिला घास घेतल्यावर विचारलं, "मीठ बरोबर हाय ना, आई?"

बरोबर होतं. मी ताटातच बघत जेवले.