चार वाजताचा आकडा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे हळूकाका म्हणत. कुणी आत आलं की मान न वळवता ते म्हणायचे, "हळू." एकतीस वर्षं ते तारा जोडत होते. आता प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या, त्याआधी दोन साहेबांच्या. मी तिथल्या अहवालांची भाषा तपासायचो. मला ते कवी म्हणत. मी आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती, पण ते ऐकायला कोण बसलंय.

थंड टाकीच्या तळाशी बाईंचा एक स्फटिक होता. तिथल्या गारठ्यात त्यातून वीज जवळजवळ जाऊच नये. पण तीन आठवडे रोज चारच्या सुमारास आकडा चढे आणि थोड्या वेळाने उतरे. बाईंना वाटलं, आत काहीतरी जागं होतंय. शोधनिबंध तयार झाला. शुक्रवारी छापायला पाठवायचा होता.

गुरुवारी तो तपासताना मी काकांना विचारलं, "चारलाच का हो?"

"चारला मी टाकीत थंड द्रव भरायला येतो," ते म्हणाले. मग उठले.

आम्ही टाकीपाशी गेलो. तार बाहेर येते त्या वरच्या जोडावर वाकून त्यांनी श्वास सोडला. आकडा चढला. श्वास रोखला, तो उतरू लागला. पुन्हा सोडला. पडद्यावरची आकड्याची रेघ त्यांच्या छातीबरोबर वर-खाली होत होती.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

आतल्या तारेभोवती जाळीचं एक वेष्टण असतं. त्याला तारेइतकाच विजेचा दाब द्यायचा. दोन्हीकडे दाब सारखा असला की मधून वीज गळत नाही. काकांनी जुन्या सवयीने ते जमिनीला जोडलं होतं. श्वासाची वाफ थंड जोडावर बसे, आणि तिच्यातून वीज पाझरून आकडा चढे.

"कुणाला कळणार नाही," मी म्हणालो. शनिवारी ते निवृत्त होणार होते.

"आज नाही कळणार. दोन वर्षांनी कुणीतरी हाच प्रयोग नीट करेल, आणि लोक बाईंना हसतील. तेव्हा मी घरी खुर्चीत बसलेला."

त्यांनी बाईंना बोलावून सगळं सांगितलं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं.

"एकतीस वर्षं, काका. माती खायला माझंच काम सापडलं?"

"हो, बाई."

काकांनी जोडणी बदलून वेष्टणाला तारेइतका दाब दिला. घाई केली नाही.

"आता सोडा श्वास," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोडला. रेघ सरळ. बाईंनी वाकून स्वतः फुंकर घातली. मग मी. जोडावर वाफ धरलेली दिसत होती. तिघांचेही श्वास त्या यंत्रापर्यंत पोचत नव्हते. समोर कुणी उभंच नव्हतं जणू.

बाईंनी माझ्यापुढे हात केला. मी निबंध परत दिला. त्यांनी तो न बघता फाडला.

काका अजून वाकलेलेच होते. श्वास सोडत होते. आकडा हलत नव्हता.