गिधाडांच्या वाट्याची गाय

लग्न होऊन मी साताऱ्याहून जबलपूरला आले तेव्हा मला दोन गोष्टी कळायच्या नाहीत. एक म्हणजे या घरातली मराठी. दुसरी म्हणजे, पानावर बसल्यावर रोज मेलेल्या जनावरांचाच विषय का निघतो. मराठीची सवय लवकर झाली. सासूबाई "काहून बसून राहिली अशी?" म्हणाल्या की आता मी गोंधळत नाही, मुकाट्याने उठते. दुसऱ्या गोष्टीला मात्र वेळ लागला.

सासरे कारखान्यातून निवृत्त झाले आणि गिधाडांच्या मागे लागले. इतरांचे सासरे निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जातात, भाजी महाग झाली म्हणून कुरकुरतात. यांनी दुर्बीण घेतली. नर्मदेच्या काठी एका गावाजवळच्या कड्यांवर गिधाडांची थोडी घरटी उरली आहेत. वनखात्याच्या लोकांबरोबर ते ती बघायला जात आणि मग गावात बसून लोकांना समजावत, की जनावर दुखण्याने विव्हळत असलं तरी त्याला डायक्लोफेनॅकची सुई देऊ नका. ती दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. एका जनावरावर अख्खा थवा उतरतो आणि अख्खा थवा जातो. जनावरांसाठी ही सुई बंद झाली आहे, पण माणसांची दुकानात मिळते, तिथूनच घोळ होतो. हे सगळं मला पाठ आहे, कारण हे मी वरणभाताबरोबर ऐकलेलं आहे.

गावाने आधी त्यांना वेड्यात काढलं. पण सासरे चिवट. शेवटी कड्यांच्या पायथ्याची एक पडीक जागा गावाने गिधाडांसाठी सोडली. कुत्री येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं. मेलेलं जनावर पुरायचं नाही, तिथे नेऊन ठेवायचं, असं ठरलं. आणि एक रीत पडली, ती सासऱ्यांनीच पाडली. जनावर उचलण्याआधी मालकाने चार माणसांत उभं राहून सांगायचं, की आजारपणात याला काय काय दिलं. कागद नाही, सही नाही. नर्मदामाईच्या काठी कोणी खोटं बोलत नाही, असा सासऱ्यांचा भरवसा होता. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे माझा नव्हता.

अशाच एका बैठकीत गावातल्या एका म्हाताऱ्या अम्मांनी त्यांना विचारलं, की तुमच्याही घरी गाय आहे म्हणतात, ती गेली की इथे आणाल, की हार घालून पुराल? आम्हालाच शहाणपण शिकवायला आलात का? सगळे हसले. सासरे म्हणाले, इथेच आणीन.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आता रामायण होणार म्हणून मी आधीच गॅस बारीक केला, कारण गाय सासूबाईंची. विजय नगरच्या पलीकडे जिथे कॉलनी संपते आणि रिकामे प्लॉट सुरू होतात, तिथे आमचं घर. मागे पत्र्याचा गोठा. सासूबाई गाईला "बाई" म्हणायच्या आणि मलाही "बाई" म्हणायच्या, त्यामुळे "बाई, खाल्लं का काही?" असं ऐकू आलं की आम्ही दोघीही मान वर करायचो. उत्तर बहुतेक वेळा तीच द्यायची.

पण रामायण झालं नाही. सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "जिवंतपणी आपल्याला दूध दिलं, मेल्यावर पाखरांना देईल. चलो, ठीक आहे." मी तिथेच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं, म्हणून पुढचं मला काही केल्या समजेना.

त्या थंडीत गाय गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरली. कंबरेतून गेली. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी गिधाडांना चालणारं औषध टोचलं, आणि बाहेर येऊन सांगितलं की ही आता उठायची नाही. सासऱ्यांना त्याच वेळी गिधाडांच्या मोजणीला जायचं होतं. डॉक्टर रोज येऊन सुई देतील अशी सोय लावून ते गेले. नवरा हैदराबादला. तो फोनवर म्हणाला, आईकडे लक्ष दे. लक्ष काय देणार? गाय जे विव्हळायची ते मला स्वयंपाकघराचं दार लावूनही ऐकू यायचं. मी सिव्हिल लाइन्सच्या माझ्या बँकेत निघून जायचे आणि तिथे बसून बरं वाटल्याची लाज वाटायची.

एका संध्याकाळी परत आले तर गोठा शांत. गाय सासूबाईंच्या मांडीवर मान टाकून पडली होती, डोळे मिटलेले, श्वास लांब लांब. मी म्हटलं, औषध लागू पडलं वाटतं. सासूबाई "अच्छा" एवढंच म्हणाल्या. सकाळी गाय गेली.

सासरे धावत आले. गाईच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसले. मग डोळे पुसून त्यांनी गावाला फोन केला, वनखात्याला कळवलं आणि माल वाहणारा छोटा हाथी टेम्पो सांगितला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तिला नाही न्यायचं. इथंच पुरू."

आम्हा दोघांना वाटलं, दुःखात बोलून राहिल्या. पण त्या हटेनात. आधी म्हणाल्या, प्लॉटमधल्या कडुलिंबाखाली मीठ घालून पुरू, मला रोज दिवा लावता येईल. सासऱ्यांनी समजूत घातली, तर म्हणाल्या, माझ्या माहेरी गाईला असं उघड्यावर टाकत नाहीत. ते झालं, तर म्हणाल्या, आज दिवस चांगला नाही. मी पंचांग आणून दाखवलं. दिवस चांगला होता. मग म्हणाल्या, रस्त्यात गाडी हिंदकळेल, तिला लागेल. यावर काय बोलणार? ताकाला जाऊन भांडं लपवणं मी माहेरी खूप पाहिलं होतं, पण इथे ताक कोणतं तेच कळेना. आधी हो म्हणाली ती बाई हीच ना? माझा पारा चढला. मी सुनेला न शोभेल अशा आवाजात म्हटलं, की आई, बाबांनी गावात शब्द दिलाय, आता काय सांगायचं त्यांनी? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण? सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या गाईवरच्या माश्या पदराने वारत राहिल्या. त्याने मला आणखी राग आला.

गाडी आली. कॉलनीतले चार जण हात लावायला आले. दोर बांधले. आणि उचलण्याआधी सासऱ्यांनी, निव्वळ सवयीने, चार माणसांत विचारलं, "मालकीणबाई, आजारपणात हिला काय काय दिलं?"

उत्तर त्यांना माहीत होतं. डॉक्टर त्यांनीच ठरवला होता. रीत म्हणून विचारलं, आणि आवाजात थोडी माया होती, की बघ, तुझी गाय आहे, तुलाच विचारून राहिलो.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरनं दिली ती. आणि माझी."

"तुझी कोणती?"

"गुडघ्याची. डब्यात होत्या तेवढ्या सगळ्या."

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी कंपाउंडर अधूनमधून घरी येऊन सुई द्यायचा. डायक्लोफेनॅक. ती सराफ्याजवळच्या दुकानातून सासरेच आणून ठेवायचे. ज्या दुकानदारांना ते जनावरांसाठी ही सुई देऊ नका म्हणून हात जोडायचे, त्यांच्याकडूनच, बायकोसाठी. ते चूकही नव्हतं. त्या दिवशी मी बँकेत असताना कंपाउंडर आला आणि सासूबाईंनी आपला पाय पुढे करायच्या ऐवजी त्याला गोठ्यात नेलं.

"तुला मालूम नव्हतं?" सासरे म्हणाले. हे विचारायची गरज नव्हती. माझ्याइतकंच सासूबाईंनीही वरणभाताबरोबर ऐकलेलं होतं.

"होतं. म्हणून तर म्हणून राहिली, पुरा. देतानाच ठरवलं होतं मी, की पुरायला लावीन." आणि मग त्या रडल्या. "माझ्याकडे बघून राहिली होती ती. माझ्याजवळ औषध असून मी काय करू?"

आता सगळी कारणं जागेवर बसली. कडुलिंब, माहेर, पंचांग. मला वाटलं होतं की एकदा कारण कळलं की माझं डोकं शांत होईल. झालं उलटंच. मघाशी निदान कोण चुकतंय हे तरी मला ठाऊक होतं. आता सासऱ्यांकडे पाहिलं की वाटे यांचं बरोबर, आणि सासूबाईंकडे पाहिलं की वाटे, मी असते तर मीही तेच केलं असतं. बहुधा त्याहून आधी केलं असतं.

खड्डा खणायला जेसीबी बोलवावा लागला. मीठ घालून गाईला पुरलं. मी सासऱ्यांना हळूच सुचवलं, की गावात सांगा, गाडी मिळाली नाही. किंवा बायको ऐकत नाही म्हणा, त्यात कोणालाच नवल वाटणार नाही. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच, काही बोललेच नाही असं धरून, आत निघून गेले.

पुढच्या बैठकीला सासूबाई स्वतः निघाल्या. नका म्हटलं तरी ऐकेनात. मी रजा घेऊन सोबत गेले. गावातल्या ओट्यावर बायका एका बाजूला, माणसं एका बाजूला. सासरे उभे राहिले आणि दुर्बिणीचा पट्टा उगाच सारखा करू लागले. तेव्हा सासूबाई बसल्या जागेवरूनच आपल्या हिंदीत बोलल्या. गाय आमची, सुई मी दिली, यांना माहीत नव्हतं, म्हणून आणली नाही. संपलं.

मला वाटलं, आता हसतील. इतक्या वर्षांची मेहनत गेली. कोणी हसलं नाही. त्या अम्मांनी फक्त विचारलं, "फिर दरद गया उसका?"

"गया," सासूबाई म्हणाल्या. "सो गई थी."

अम्मा मान हलवत राहिल्या. मग एका बाईने सासऱ्यांना विचारलं, की आमच्या जनावराला दुखलं तर काय द्यायचं? सासऱ्यांनी दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं, ते गिधाडांना चालतं, दुखणंही कमी करतं, डॉक्टरकडूनच घ्या म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "वो भी दिया था." सासऱ्यांनी त्यांना अडवलं नाही. कंबर मोडलेल्या गाईला ते पुरेसं झालं नाही, हेही खरंच होतं. ही बैठक गिधाडांच्या बाजूने झाली की विरुद्ध, ते मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

उन्हाळा लागता लागता गावाहून फोन आला. अम्मांची गाय गेली होती, आणि त्यांनी निरोप दिला होता, की शहरवाल्या बाईला घेऊन या. आम्ही तिघं पोचलो तेव्हा अम्मांनी चार माणसांत सांगून टाकलं होतं, डॉक्टर पोचलाच नाही, कुछ नहीं दिया. कुंपणाच्या आत गाय ठेवली होती. आम्ही लांब झाडाखाली बसलो. बराच वेळ आकाश रिकामं होतं. मग कड्यावरून एक गिधाड सुटलं, मग मागून आणखी, आणि बघता बघता जागा पंखांनी भरून गेली. सासऱ्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. एवढे मोठे पक्षी मी जन्मात पाहिले नव्हते.

सासूबाई तिकडे बघतच नव्हत्या. त्या अम्मांजवळ जाऊन बसल्या होत्या. त्यांनी गाईचं विचारलं, "बहुत रोई क्या?"

"रोई," अम्मा म्हणाल्या. "तुम्हारी सोते में गई, बाई. हमारी जागती गई."

यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि गिधाडं उठून जाईपर्यंत सोडला नाही. मी दुर्बीण घेऊन उभी. कोणीकडे बघावं ते समजेना.

त्यानंतर कंपाउंडर आला तेव्हा सासूबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. आता जिना चढताना त्या मध्ये थांबतात, कठडा धरून ओठ दाबतात. सासऱ्यांनी विनवून पाहिलं, नवऱ्याने फोनवर रागावून पाहिलं. मी माझ्या परीने शास्त्र सांगितलं, की आई, तुम्ही घेतलेल्या सुईने गिधाडांना काही होत नाही.

"मालूम आहे मला," त्या म्हणाल्या. "पण त्या अम्माच्या गाईला नाही मिळाली."

काल कंपाउंडर पुन्हा फाटकाशी आला होता. दीदी, उद्या येऊ का, म्हणून विचारत होता. मागे जिन्यात सासूबाई थांबल्या होत्या, ते मला ऐकू येत होतं. मी फाटकाची कडी धरून उभी राहिले, आणि त्याला काय सांगावं ते मला सुचेना.